राज्य कोणावर?

शाळेच्या हॉलमध्ये तालीम चालली होती आणि मी दाराबाहेर बुटांच्या ढिगाशेजारी उभी होते. वेळेआधी पोचले होते म्हणून, नाहीतर ही गोष्ट मला कधी कळलीही नसती. आत मुली सतरंजीवर रांगेत बसत होत्या. माझी लेक पाणी पिऊन आली आणि सवयीने तिच्या मैत्रिणीशेजारच्या मोकळ्या जागेकडे गेली. मैत्रिणीने वर न बघता त्या जागेवर तळहात ठेवला. एवढंच. ढकललं नाही, काही बोलली नाही. पसरलेली पाच बोटं, नखांवर अर्धवट खरवडलेलं गुलाबी नेलपॉलिश. लेक क्षणभर थांबली. मग खाली वाकली आणि आधीच गुडघ्यापर्यंत असलेले मोजे तिने पुन्हा वर ओढले. आधी डावा, मग उजवा, अगदी सावकाश, जणू त्यासाठीच ती तिथवर आली होती. आणि रांगेच्या टोकाला जाऊन बसली.

ते मोजे माझ्या डोक्यातून जाईनात.

घरी येताना मी वाट बघत राहिले, ती काहीतरी बोलेल म्हणून. तिने मला विचारलं, घोडे उभ्या उभ्या झोपतात हे खरं का. मग विचारलं, झोपेत पडत कसे नाहीत. मी उत्तरं देत होते आणि मनात दुसरेच प्रश्न जुळवत होते. काय झालं? कधीपासून? तू काही बोललीस का तिला? कोणासाठी धरली होती ती जागा? पण मी पाहिलंय हे तिला माहीत नव्हतं, आणि मोज्यांचा तो सगळा खटाटोप कोणी पाहू नये म्हणूनच होता, एवढं मला कळत होतं. तिने स्वतःची लाज स्वतः राखली होती. ती मी कशाला उघडी पाडू? रात्री मात्र मोबाइल घेऊन त्या मैत्रिणीच्या आईला मेसेज लिहायला बसले. ‘सहज विचारतेय’ अशी सुरुवात केली. खरोखर सहज विचारणारं माणूस असं लिहीत नाही, हे वाचून बघितल्यावर लक्षात आलं आणि पुसून टाकला. नवरा म्हणाला, पोरांच्या भांडणात मोठ्यांनी पडू नये, उद्या त्या दोघी एक होतील आणि तुम्ही आया तोंडं फिरवून बसाल. ताईला फोन केला तर ती म्हणाली, असं सोडून देऊ नकोस, मुलगी एकदा बाजूला पडली की पडली. मला दोघांचंही पटलं. पंचाईत हीच होती.

ताईशी बोलणं मग रोजचंच झालं. तो तळहात आम्ही इतक्या बाजूंनी चघळला की त्यात चघळण्यासारखं काही उरलं नाही, तरी फोन ठेवताना ‘उद्या बोलू’ असतंच. अमांडा रोझ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००२ साली शाळकरी मुलामुलींचा एक अभ्यास मांडला होता. तीच अडचण मैत्रिणीबरोबर पुन्हा पुन्हा उगाळत बसणाऱ्या मुलांची मैत्री जास्त जवळची असते, आणि त्यांच्यातच खिन्नताही जास्त दिसते, असं त्यात आढळलं. मुलींमध्ये हे उगाळणं अधिक. चाळिशीतल्या दोन बहिणींना हे लागू व्हायला काहीच हरकत नसावी. मला फोनवर फार बरं वाटायचं आणि फोन ठेवल्यावर लेकीकडे बघून पोटात कालवायचं. तीच सवय मी तिला लावायला निघाले होते की काय, असं एकदा वाटून गेलं. ती शाळेतून आली की दप्तर उतरवायच्या आत ‘आज कोणाशेजारी बसलीस?’ हा प्रश्न माझ्या ओठांवर यायचा. मी तो गिळायचे आणि त्याऐवजी दप्तर उचलून ठेवायचे.

शिवाय त्या तळहाताचा अर्थ तरी कुठे ठरला होता? कदाचित ती जागा आणखी कोणासाठी धरून ठेवायला तिला सांगितलं असेल. कदाचित दोघींचं सकाळी काही बिनसलं असेल. कदाचित खरोखरच ‘तू नकोस’ असेल. केनेथ डॉज यांनी १९८० साली मुलग्यांवर केलेला एक प्रयोग मला इथे आठवतो. मुलगा कोडं जुळवत असतो. त्याला कळतं की दुसऱ्या एका मुलाने त्याचं कोडं मोडलं. कधी ते मुद्दाम मोडल्याचं स्पष्ट असतं, कधी मदत करताना मोडल्याचं स्पष्ट असतं, आणि कधी काहीच स्पष्ट नसतं. पहिल्या दोन वेळी सगळी मुलं साधारण सारखीच वागली. तिसऱ्या वेळी मात्र मारकुटी म्हणून ओळखली जाणारी मुलं, ते मुद्दामच मोडलंय असं धरून चालल्यासारखी वागली. दुसऱ्याचा हेतू माहीत नसताना तो वाईटच असणार असं गृहीत धरण्याची सवय कुठून येते याची कारणं अनेक असतील. पण घरातला मोठा माणूस प्रत्येक खरचटलेल्या गोष्टीवर ‘तिने मुद्दाम केलं का गं?’ असं विचारतो तेव्हा पोराच्या हातात उत्तर तयारच ठेवलेलं असतं, असं मला वाटतं. आमच्या घरात तो मोठा माणूस म्हणजे मी. म्हणून मी जपून राहायचं ठरवलं. आणि तरीही त्या नेलपॉलिशवाल्या बोटांचा राग काही केल्या जाईना. आठ वर्षांच्या पोरीवर राग धरून बसणं हे किती हास्यास्पद आहे ते कळत होतं, पण राग कळण्यावर थोडाच जातो!

‘त्यात काय एवढं?’ हे वाक्य मात्र मी बोलणार नव्हते. ते मी लहानपणी पुष्कळ ऐकलंय. किपलिंग विल्यम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ एकदा कुत्र्याला घेऊन बागेत बसले होते. दोन अनोळखी माणसांची फ्रिस्बी त्यांच्यापाशी येऊन पडली. त्यांनी ती परत फेकली, तर त्या दोघांनी पुन्हा यांच्याकडे फेकली, आणि थोडा वेळ तिघांचा खेळ रंगला. मग काही न बोलता त्या दोघांनी यांच्याकडे फेकणं बंद केलं. बस, इतकंच घडलं. ना ओळख, ना देख, ना उद्या भेटायचं होतं. तरी त्यांना ते इतकं लागलं की पुढे त्यांनी त्यावर संशोधनच उभारलं. पडद्यावर तिघांचा चेंडूफेकीचा खेळ, आणि थोड्या वेळाने उरलेले दोघे तुमच्याकडे चेंडू टाकणं थांबवतात. २००३ साली नाओमी आयझेनबर्गर आणि मॅथ्यू लीबरमन यांच्याबरोबर त्यांनी हा खेळ खेळणाऱ्यांच्या मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा खेळातून वगळलं गेल्यावर मेंदूतला जो भाग जास्त जागा झालेला दिसला, तो शारीरिक वेदनेच्या वेळीही जागा होणारा होता. त्या चित्रांचा नेमका अर्थ काय यावर पुढे बरेच वाद झाले, ते असोत. मला त्याहून दुसरी गोष्ट जास्त लागली. समोर माणसं नाहीत, कॉम्प्युटर चेंडू टाकतोय, असं आधी सांगूनही लोकांना वाईट वाटलंच. म्हणजे अक्कल शाबूत असलेली मोठी माणसं यंत्राने चेंडू दिला नाही म्हणून खट्टू होतात, आणि आम्ही दुसरी-तिसरीतल्या पोराला सांगतो, ‘मनावर घेऊ नकोस!’

पाचवीत असताना मध्येच माझी शाळा बदलली. मधल्या सुट्टीत मी पाण्याच्या नळांपाशी उभी राहायचे, कारण तिथे उभं राहायला कारण असायचं. तहान लागली नसली तरी ओंजळ धरायची. नळाच्या खाली शेवाळाचा हिरवा पट्टा होता आणि त्यावर पाय घसरू नये म्हणून सगळेजण एका विशिष्ट दगडावर पाय ठेवून वाकायचे. कोण कोणाबरोबर येतं, कोण कोणाच्या अंगावर पाणी उडवतं, कोणाचं राज्य आलं की कोण रडीचा डाव खेळतं, हे सगळं मला आठवड्याभरात पाठ झालं. एके दिवशी बाईंनी मला दंडाला धरून मुलींच्या घोळक्यात नेलं आणि म्हणाल्या, ‘हिलाही घ्या गं खेळात, बिचारी एकटीच असते.’ बाई फार चांगल्या होत्या. पण त्या ‘बिचारी’ने माझी पुढची निदान महिनाभराची वाट लागली. मुलींनी मला घेतलं, लिंबूटिंबू म्हणून. मी धावायचे, पण मला कोणी पकडायचं नाही.

मिल्ड्रेड पार्टेन या बाईंनी शाळेच्या आधीच्या वयातल्या मुलांचं खेळणं तासन्‌तास बघून १९३२ साली त्याचे प्रकार मांडले. एकट्याने खेळणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, थोडंफार एकत्र खेळणं, ठरवून मिळून खेळणं, वगैरे. त्यातला एक प्रकार नुसतं बघत राहण्याचा आहे. म्हणजे बाजूला उभं राहून दुसऱ्यांचा खेळ न्याहाळणं, मधूनच एखादा प्रश्न विचारणं, पण आत न शिरणं. मोठ्यांना ते बघणं बघवत नाही. ‘असा काय उभा राहतोस खांबासारखा, जा की!’ पण मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन यांनी १९८१ साली मुलं चालू खेळात शिरतात कशी याचा अभ्यास केला, त्यात या बघण्याला मोठी किंमत असल्याचं दिसतं. ज्यांना इतर मुलं पसंत करतात ती मुलं आधी खेळाचा अंदाज घेतात आणि मग त्या खेळाला धरून काहीतरी करतात किंवा बोलतात. ज्यांना घेतलं जात नाही ती बहुधा मध्येच प्रश्न विचारतात, स्वतःबद्दल सांगायला लागतात, नाहीतर खेळाची दिशा बदलू पाहतात. आणि ‘मला घ्याल का?’ हा प्रश्न, जो आपण पोरांना हमखास शिकवतो, तो तर समोरच्याच्या तोंडात ‘नाही’ आयतं आणून ठेवतो. बांधकाम चाललेलं असेल तर शेजारी बसून दोन ठोकळे सरकवून द्यावेत, चोर-पोलीस चालला असेल तर ‘चोर तिकडे पळाला!’ म्हणून ओरडावं. खेळ आपोआप अंग चोरून जागा करून देतो.

माझं त्या शाळेत पुढे जमलं ते असंच. एक मुलगी नळावर पाणी प्यायला आली, तिने हातातले सागरगोटे माझ्यापुढे केले आणि म्हणाली, ‘धर जरा.’ गोटे घामाने ओले होते. ती पाणी प्यायली, फ्रॉकला तोंड पुसलं, आणि माझ्याकडून ते परत न घेताच चालायला लागली. मला तिच्या मागे जावंच लागलं. आजही मला कळलेलं नाही की ती विसरली होती की तिने ते मुद्दाम केलं होतं. (हेतू माहीत नसताना चांगला हेतू धरायलाही माणसाला कोणी मनाई केलेली नाही.)

लेकीचं आणि तिच्या मैत्रिणीचं दुसऱ्या दिवशी काही जुळलं नाही. नवऱ्याचा अंदाज चुकला. आठवडे गेले. दरम्यान एका रात्री दिवा मालवल्यावर तिने अंधारात मला थोडंसं सांगितलं. मुलं अशा गोष्टी अंधारातच सांगतात, नाहीतर गाडीत, जिथे समोरासमोर बघावं लागत नाही. भांडण असं झालंच नव्हतं. मैत्रिणीला नवी मैत्रीण मिळाली होती आणि त्या नव्या मैत्रिणीची अट होती की दोघीच. ‘बाईंना सांगू नकोस,’ लेक म्हणाली. मी म्हटलं, नाही सांगणार. मग विचारलं, ‘मी काही करू का, की नुसतं ऐकू?’ बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ‘नुसतं ऐक’ म्हणाली, आणि त्यानंतर तिने मला पूर्ण वेगळीच गोष्ट सांगितली, वर्गातल्या एका मुलाच्या दाताची.

नवऱ्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. १९३२ सालीच, म्हणजे पार्टेनबाईंचा अभ्यास आला त्याच वर्षी, ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या न्यायबुद्धीवरचं आपलं पुस्तक काढलं. हा थोर माणूस मुलांबरोबर गोट्या खेळायला बसायचा आणि नियम कोणी केले, ते बदलता येतात का, असं विचारायचा. लहान मुलांना नियम वरून आलेले आणि अचल वाटतात. मोठी मुलं म्हणतात, सगळे कबूल असतील तर बदलता येतात. पियाजेंच्या मते हा बदल मोठ्यांच्या शिकवणीने फारसा होत नाही, बरोबरीच्यांशी हुज्जत घालून होतो. आईचं ऐकावंच लागतं, तिथे वाद कसला? पण बरोबरीच्या पोराला पटवावं लागतं, थोडं सोडावं लागतं, नाहीतर तो आपल्या गोट्या उचलून घरी जातो आणि खेळच संपतो. म्हणून रडारड, चिडाचिड, ‘कट्टी’, ‘आऊट होतास तू’, ‘नव्हतो’, यात आपण उठसूट पंच म्हणून उतरलो तर पोरांचा हा वर्गच बुडतो. मी खालून येणारे असे आवाज ऐकते आणि हातातलं काम चालू ठेवते. रक्त नाही ना, दगड नाही ना, मग चालू द्या.

पण बाहेर ठेवणं हे भांडणात मोडत नाही, आणि नवऱ्याशी माझं जमेना ते इथेच. भांडायला दोघं लागतात आणि दोघांच्या हातात काहीतरी असतं. जिला खेळातच घेतलं नाही तिच्या हातात काय असतं? हुज्जत घालायलाही आधी आत असावं लागतं. एकाच मुलीला रोज वगळलं जातंय, तिच्या शेजारी बसायला इतर मुली बिचकू लागल्यात, मोबाइलवरच्या ग्रुपमधून तिला काढून मग त्याचाच विनोद होतोय, अशा वेळी ‘त्यांचं ते बघतील’ म्हणणारा मोठा माणूस कोणाच्या बाजूने उभा असतो हे मुलांना बरोबर कळतं. आमचं प्रकरण तिथवर गेलं नव्हतं. गेलं असतं तर मी लेकीला तसं सांगून तिला दिलेला शब्द मोडला असता आणि बाईंकडे गेले असते.

तोवर करण्यासारखं होतं ते फार छोटं होतं. शनिवारी दुपारी वर्गातल्या एखाद्या मुलीला घरी बोलवायचं. एकीलाच. तीन मुली आल्या की तासाभरात दोन विरुद्ध एक होतं, हे ज्याने घरी मुली बोलावल्यात त्याला सांगायला नको. आणि नुसतं ‘खेळा’ न म्हणता हाताला काहीतरी काम द्यायचं. जुन्या खोक्यांचं घर, माती, पत्त्यांचा बंगला. दोन तासांत पाठवणी, अजून खेळायचंय अशी कुरकुर चालू असतानाच. पहिल्या खेपेला दोघी एकमेकींकडे पाठ करून आपापली खोकी रंगवत होत्या आणि मी स्वयंपाकघरातून कान लावून बसले होते. शब्द नाही! फक्त ब्रश पाण्यात बुडवल्याचा आवाज. मग कधीतरी ‘तुझा काळा संपला का?’ एवढं ऐकू आलं. हॅरी स्टॅक सलिव्हन नावाचे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ म्हणायचे की साधारण आठ-नऊ वर्षांच्या पुढे मुलाला घोळक्यापेक्षा एका जिवलगाची गरज लागायला लागते, आणि त्या एका नात्यात मागच्या बऱ्याच जखमा भरून निघू शकतात. पुढच्या अभ्यासांनीही याला दुजोराच दिलाय. वर्गात ज्यांना त्रास दिला जातो अशा मुलांना एक तरी घट्ट मित्र असला, तर त्या त्रासाचा परिणाम कमी होतो, असं अर्नेस्ट हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवलं. लोकप्रिय असणं आणि मित्र असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पालकांच्या मनात त्यांची फार गल्लत होते. आपल्या पोराला सगळ्या वाढदिवसांचं बोलावणं यावं असं वाटतं. पोराला एकच जण पुरतो.

तो एकच जण मात्र लेकीला मी बोलावलेल्यांतून मिळाला नाही. ती खाली खेळायला लागली ती पहिलीतल्या एका चुणचुणीत मुलीबरोबर आणि तिच्या शेंबड्या भावाबरोबर. मला ते जरा टोचलंच. बरोबरीच्या मुलींना सोडून हिने लहानांत लहान व्हावं, हे हरल्याचं लक्षण वाटत होतं. ताईला तर नक्कीच वाटत होतं. पण १९७९ साली विंडॉल फर्मन, डॉन राहे आणि विलार्ड हार्टप यांनी बालवाडीतली बुजरी मुलं घेऊन काही आठवडे त्यांना एका एका सवंगड्याबरोबर खेळायला बसवलं होतं, कोणाला बरोबरीच्या, कोणाला वयाने लहान. लहान सवंगडी मिळालेल्या मुलांचं वर्गातलं मिसळणं सगळ्यात जास्त वाढलं. कारण समजायला अवघड नाही. लहानाबरोबर खेळताना खेळ कुठला, कसा, हे ठरवायची पाळी आपल्यावर येते आणि ते ठरवलेलं कोणीतरी मानतं. वर्गात जागा राखणाऱ्यांच्या तोंडाकडे बघणारी माझी लेक खाली गेली की त्या दोन पोरांना सूचना देत असायची. तिचा आवाज मला नवा वाटत होता. खणखणीत, जरासा शिष्टच.

मुलं मुलांना काय देऊ शकतात याचा विचार करताना मला हटकून सहा मुलं आठवतात. दुसऱ्या महायुद्धात आईबाप गमावलेली, तेरेझिनच्या छळछावणीत वाढलेली, तीन-चार वर्षांची. १९४५ साली त्यांना इंग्लंडमधल्या बुलडॉग्ज बँक नावाच्या घरी आणलं गेलं. बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड आणि तिथे त्या मुलांना सांभाळणाऱ्या सोफी डान यांनी त्यांच्याबद्दल १९५१ साली लिहिलं. मोठ्या माणसांवर ही मुलं चिडायची, चावायची, थुंकायची, खेळणी मोडायची. पण एकमेकांना सोडायची नाहीत. एकाला क्षणभर वेगळं केलं तरी बाकीची त्याला शोधत राहायची. खायला दिलं तर आधी दुसऱ्याला मिळालं का ते बघायची. त्या वयाच्या भावंडांत जी ‘माझं, माझं’ची मारामारी असते ती त्यांच्यात जवळजवळ नव्हतीच. त्यांना हे कोणी शिकवलं असेल? छावणीत त्यांना सांभाळणारी माणसं सारखी बदलत होती, न बदलणारी अशी फक्त ती सहाजणंच होती. यातून आईबापांची गरज नसते असा अर्थ कोणी काढू नये, त्या लेखिकांनीही काढला नाही. पण पोरांनी पोरांना धरून ठेवण्याची ताकद किती असते हे वाचल्यापासून, खाली पायऱ्यांवर नुसतीच शेजारी शेजारी बसलेली तीन पोरं मी जास्त वेळ बघत राहते.

आणि मग एका संध्याकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना खालून लेकीचा आवाज आला. ‘तू नाही. आमचं तिघांचं ठरलंय.’

आवाजात राग नव्हता. कचेरीतल्या माणसाने ‘उद्या या’ म्हणावं तितका तो सपाट होता. समोर शेजारच्या इमारतीत नव्याने राहायला आलेली मुलगी उभी होती, हातात दोरी घेऊन. ती थोडी थांबली आणि दोरी मनगटाला गुंडाळत निघून गेली. माझ्या हातात ओला टॉवेल तसाच राहिला. वरून हाक मारून सुनवावं असं फार वाटलं, पण ते दंडाला धरून घोळक्यात नेण्यासारखंच झालं असतं. रात्री विषय काढला. ‘मी काही भांडले नाही तिच्याशी,’ लेक आधीच म्हणाली. मग म्हणाली, ती सारखे नियम बदलते. मग म्हणाली, तिला घेतलं तर आम्ही चार होतो आणि खेळ बिघडतो. शेवटी म्हणाली, ‘मला ती आवडत नाही.’ हे खरं कारण होतं आणि ते तिने स्वच्छ सांगितलं, याचं मला कौतुकही वाटलं. त्या हॉलमधली गोष्ट जिभेवर आली होती. ‘तुला कसं वाटलं होतं आठव.’ पण ते तिचं होतं, तिने झाकून ठेवलेलं. असं हत्यार म्हणून ते बाहेर काढायचं नाही, एवढं माझं पक्कं होतं.

व्हिव्हियन गसिन पेली नावाच्या एक शिक्षिका होत्या, शिकागो विद्यापीठाच्या शाळेत बालवर्गाला शिकवायच्या. वर्षानुवर्षं त्यांनी पाहिलं की काही ठराविक मुलं इतरांना वगळण्याचा हक्क स्वतःकडे घेतात आणि काही ठराविक मुलं वगळली जात राहतात. शेवटी त्यांनी वर्गात एक नियम आणला: ‘तू खेळायचं नाहीस’ असं कोणी कोणाला म्हणायचं नाही. आणण्याआधी कित्येक दिवस मुलांशी चर्चा केली, मोठ्या वर्गांतल्या मुलांनाही विचारलं. मोठ्या मुलांना नियम न्याय्य वाटला, पण तो चालेल का याची शंका होती. आपल्याला आवडेल त्यांच्याबरोबर खेळता येत नसेल तर खेळण्यात राहिलं काय, अशी हरकत लहानांनीही घेतलीच. नियम आला आणि त्या वर्गात तो टिकला. १९९२ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. ते वाचताना मला नियमापेक्षा ती चर्चा जास्त मोलाची वाटली होती. आता माझ्या घरात, चादरीच्या घड्या घालता घालता, तीच हरकत समोर उभी होती.

‘म्हणजे सगळ्यांशी सारखीच मैत्री करायची?’ लेकीने विचारलं.

‘नाही. मैत्री कोणाशी ते तुझं तू ठरव. पण खाली खेळ चालू असेल आणि कोणी आलं, तर घ्यायचं.’

‘आणि तिने नियम बदलले तर?’

‘तर भांड की! चौघांनी मिळून ठरवा काय ते.’

हे तिला अनपेक्षित होतं. आई भांडायला सांगतेय. तिने चादरीचं टोक हनुवटीखाली धरून थोडा विचार केला.

‘मी तिला गुपितं सांगणार नाही.’

‘नको सांगूस.’

‘आणि नवीन आहे ना ती, मग पहिलं राज्य तिच्यावर.’

राज्य सुटून ठरवायचं, असं माझं म्हणणं. नवीन आलेल्यावरच असतं, असं तिचं. दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना जिन्यातही आमचा हा वाद चालू होता.